घरच्या शेडसाठी दणकट एअर कॉम्प्रेसर: २ एचपी, ३ की ५?

जुनीजीप | शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८४ची महिंद्रा जीप बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, ती शेवटी उघडायला घेतली आहे. मुक्काम सातारा. घरामागे १२ बाय २०ची पत्र्याची शेड आहे. बॉडी उतरवून झाली. चासीचे नट मात्र जागचे हलत नाहीत, गंज पोटभर आहे आणि शेवटी रंगही घरीच मारायचा मानस आहे. म्हणून कॉम्प्रेसर घ्यायचाय. एकदाच घ्यायचा तर हेवी ड्युटीच घेऊ, असं ठरवून दुकानं फिरलो आणि डोकं गरगरत घरी आलो.

पहिला म्हणतो, "पाच एचपी घेऊन टाका, परत बघायलाच नको." दुसरा म्हणतो, "दोनमध्ये होतंय की सगळं." तिसऱ्याने ऑइल-फ्री सायलेंट पुढे केला. गंमत म्हणजे २४ लिटरच्या लाल डबड्यावरही 'हेवी ड्युटी' असा स्टिकर आणि २२० लिटरच्या धुडावरही तोच.

कामं अशी: अर्ध्या इंची इम्पॅक्टने (हवेवर चालणारा, ठोके देत नट फिरवणारा पाना) नट काढणे, हवा मारणे, डाय ग्राइंडर, सँडर, रंगाची गन, जमलं तर सँडब्लास्टिंग (हवेच्या जोरावर वाळू मारून गंज काढणे). वीज सिंगल फेज. मीटरपासून शेड २० मीटरवर. बजेट ४० हजार, ताणलं तर ५०. (घरच्यांपैकी कोणी वाचत असेल तर ३०.)

फुसका_नट | शनिवार, रात्री १०.३१

वाचतोय. आणि जीपचे फोटो कुठायत? फोटोशिवाय धागा फाउल.

भोसरीकर | रविवार, सकाळी ८.०५

कारखान्यात मेंटेनन्सला ३२ वर्षं काढली, त्यातली निम्मी कॉम्प्रेसर रूममध्ये. म्हणून जरा लांबण लावतो.

एचपी आणि पीएसआय हे दोन आकडे दुकानदाराला पाठ असतात आणि तुमच्या फारसे कामाचे नसतात. एचपी म्हणजे मोटर केवढी आहे ते. पीएसआय म्हणजे हवा किती दाबून ठेवली ते. तुमच्या गनपर्यंत मिनिटाला हवा किती पोचते, तो आकडा सीएफएमचा. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण २८ लिटर. आता गोम अशी, की प्लेटवर जो सीएफएम छापतात तो बहुतेकदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो. म्हणजे पिस्टनने कागदावर किती हवा ढकलली ते. हाताला मिळते ती वेगळी, तिला एफएडी म्हणतात. दुकानात "एफएडी किती?" एवढंच विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

डिस्प्लेसमेंट तुम्ही स्वतःच काढू शकता. समजा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६० मिमी, सिलिंडर दोन, हेडची, म्हणजे हवा दाबणाऱ्या पिस्टनवाल्या भागाची, पुली ८०० आरपीएमने फिरतेय. एका सिलिंडरचं घनफळ ०.२३१ लिटर. दोनचं ०.४६२. गुणिले ८००, म्हणजे मिनिटाला ३७० लिटर, म्हणजे १३ सीएफएम. प्लेटवर १३ छापून मोकळे. पण पिस्टन वरपर्यंत गेला तरी हेडखाली थोडी फट राहतेच. तिथली दाबलेली हवा पिस्टन खाली येताना परत फुगते आणि तेवढी नवी हवा आत येत नाही. वाल (व्हॉल्व्ह) थोडे गळतात, हेड तापतं. लहान सिंगल स्टेज (हवा एकाच टप्प्यात दाबणाऱ्या) हेडमधून शेवटी ६५ ते ७० टक्के हातात पडतात. म्हणजे १३चे झाले ९.

आता दुसरी बाजू, खाणारी तोंडं. इम्पॅक्टच्या खोक्यावर ४-५ सीएफएम लिहिलेलं असतं, पण ती सरासरी. ट्रिगर धरून ठेवलात तर तो १५च्या वर ओढतो. नटाला पाच सेकंद आणि मग उसंत, म्हणून चालून जातं. साधी ग्रॅव्हिटी गन ६ ते ८. एचव्हीएलपी गन दाब कमी मागते पण हवा १० ते १४. सहा इंची सँडर मात्र हावरट, १५-१६ सलग. सँडब्लास्टिंगला नुसता ३ मिमीचा नोझल घेतला तरी १८-२०, तेही ९० पीएसआयला.

टाकी मोठी घेतली की झालं, असं कोणी सांगेल. टाकी म्हणजे उधारी. १६० लिटरची टाकी ९ बारवरून (बार हेही दाबाचंच माप) ६ बारवर उतरली की ४८० लिटर हवा मिळाली. सँडर मिनिटाला ४५० खातोय, हेड २५० देतंय, म्हणजे २००चा खड्डा. अडीच मिनिटांत सँडर मान टाकायला लागणार.

तेव्हा आधी ठरवा, यातली कुठली कामं खरंच घरी करायचीत.

जुनीजीप | रविवार, सकाळी ९.२०

काका, हे दुकानात कोणीच सांगितलं नाही. मग सरळ ५ एचपी घेतला तर? सँडरचा प्रश्नच मिटेल ना?

विजेरी | रविवार, सकाळी ११.००

थांबा, थांबा. ५ एचपी सिंगल फेजवर?

विजेचं गणित मांडते. ३ एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना १४-१५ अँपिअर घेते. उठताना त्याच्या पाचपट, म्हणजे ७५च्या घरात. तुमची शेड २० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर वायर. अडीच स्क्वेअरची (चौरस मिमी जाडीची) तांब्याची वायर असेल तर तिचा रोध ०.३ ओहम धरा. चालताना ४-५ व्होल्ट गळतील, त्याचं काही नाही. उठताना मात्र २२ व्होल्ट नुसत्या वायरीतच गेले. खांबावरूनच २०० येत असतील तर मोटरला १७८ मिळाले. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. २३०ला १०० असेल तर १७८ला ६०. मग ती उठत नाही, नुसती घुमते, आणि अर्ध्या मिनिटात कपॅसिटर नाहीतर वाइंडिंग जातं. लोक मोटरला शिव्या घालतात.

५ एचपीला चालतानाच २३ अँपिअर आणि उठताना शंभरच्या वर. घरातले दिवे दर वेळी मिचकावतील. ५च हवा असेल तर थ्री फेज घ्या, तिथे हीच मोटर सात-साडेसात अँपिअरवर सुखाने चालते. पण महावितरणकडे अर्ज, नवा मीटर, वायरिंग हे सगळं धरून हिशेब करा. आधी बिलावर 'मंजूर भार' किती लिहिलाय ते बघा.

३ एचपी घेणार असाल तर मीटरपासून शेडपर्यंत स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअर. १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये पिन खुपसून चालवू नका. सॉकेट तापून पिवळं पडलेलं मी कितीतरी घरांत पाहिलंय. एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) डी कर्व्हचा घ्या, तो उठतानाचा क्षणभराचा झटका सोसतो. घरात असतो तो सी कर्व्ह, तो मोटर उठताना उगाच पडतो. मग कोणीतरी वैतागून जास्त अँपिअरचा टाकतं आणि वायरीचं संरक्षणच जातं. ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट ओढला की ती बंद करणारा) असलेला स्टार्टर हवाच. आणि अर्थिंग. पत्र्याची शेड, ओली जमीन, लोखंडी टाकी. अर्थिंगवर कंजुषी करायची जागा नाही ही.

तिकडचा_बंड्या | रविवार, दुपारी १२.४५

ह्यूस्टनहून. इथेही तीच नाटकं. ६ एचपी लिहिलेला कॉम्प्रेसर आणि त्याला घरातल्या दिव्याच्या सॉकेटची पिन! १२० व्होल्ट गुणिले १५ अँपिअर म्हणजे १८०० वॉट. ७४६ने भागलं की जेमतेम २.४ एचपी आत जातात, ६ बाहेर कुठून येणार? 'पीक' असा शब्द बारीक अक्षरात असतो. मी शेवटी २४० व्होल्टचा ६० गॅलनवाला उभा घेतला, म्हणजे आपल्याकडचे २२७ लिटर. मस्त चालतो. वर्षातून चार वेळा टायरमध्ये हवा भरतो त्याने.

फुसका_नट | रविवार, दुपारी १.१०

हा हा बंड्या! २२७ लिटरमधून ३२ पीएसआय.

पण जुनीजीप, नटांसाठीच कॉम्प्रेसर घेत असाल तर माझं ऐका. बॅटरीवरचा इम्पॅक्ट घ्या. माझा अर्धा इंची १८ व्होल्टचा आहे, ट्रकवाले मित्र मागून नेतात. ना पाइपची ओढाताण, ना टाकी भरायची वाट. तुमच्या यादीतून नट काढले तर कॉम्प्रेसरचा आकार निम्मा होईल.

भोसरीकर | रविवार, दुपारी ४.३०

नटाचं म्हणणं खरं आहे. दहा वर्षांपूर्वी हसलो असतो, आता नाही. फक्त रंगाला आणि हवा मारायला बॅटरी चालत नाही. तिथे कॉम्प्रेसर लागतोच.

रंगाऱ्या | रविवार, रात्री ९.५०

रंगाचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

रंगाचा शत्रू पाणी, आणि त्याच्या पाठोपाठ तेल. पावसाळ्यात ३० डिग्रीला, ८० टक्के दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये २४ ग्रॅम वाफ असते. ती ७ बारला दाबून गार केली की जेमतेम ५ ग्रॅम मावते. उरलेलं पाणी होतं. भोसरीकरांचं २५० लिटरवालं हेड तासभर सलग चाललं तर १५ घनमीटर हवा ओढेल, म्हणजे पाव लिटरच्या वर पाणी. ते टाकीत साचतं, नाहीतर पाइपातून तुमच्या बॉनेटवर येतं. माझा पहिला जॉब मामाच्या स्कूटरचा होता. आरशासारखा रंग बसला होता. शेवटच्या हाताला गन 'थूः' करून दोन थेंब थुंकली. रात्री दोनपर्यंत घासत बसलो होतो, मामा शेजारी पानाचा डबा घेऊन.

लोक फिल्टर थेट टाकीच्या तोंडाला लावतात. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेतच असतं, फिल्टर पकडणार काय? आधी गार होऊ द्या. शेडच्या भिंतीने जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) पाइप फिरवा, किंचित उतार द्या, शेवटी खाली तोंड करून ड्रेन कॉक. गनसाठीचा फाटा पाइपच्या वरच्या अंगाने काढून खाली वळवा, म्हणजे पाणी सरळ पुढे जातं आणि हवा वळते. मग एफआरएल, म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल सोडणारा लुब्रिकेटर. पण गनच्या लाइनवर त्यातला तेल सोडणारा भाग नको, नुसता फिल्टर-रेग्युलेटर. इम्पॅक्टला तेल हवं, रंगाला विष. दोघांचे पाइपही वेगळे ठेवा. एकदा तेल गेलेला पाइप रंगाला लावलात की माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात, आणि मग कितीही धुवा.

अजून एक. बाजारात तो निळा, स्प्रिंगसारखा पीयू पाइप मिळतो, ८ मिमीचा. ८ हा बाहेरचा माप, आतून ५. त्याच्यावर इम्पॅक्ट लावायचा आणि "जोरच नाही" म्हणून ओरडायचं. आतून १० मिमीचा रबरी पाइप घ्या, तोच इम्पॅक्ट वेगळा वाटेल.

टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारणार असाल तर साधा धुळीचा मास्क काही कामाचा नाही. हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला धरतात. आणि कॉम्प्रेसरची हवा तशीच मास्कला जोडू नका, ती श्वासाची हवा नव्हे.

जुनीजीप | सोमवार, सकाळी ७.४०

शेडमध्ये पाण्याचा पीव्हीसी पाइप आधीच भिंतीने फिरवलेला आहे. तोच वापरला तर?

भोसरीकर | सोमवार, सकाळी ७.५२

नाही.

उद्यमनगरी | सोमवार, सकाळी १०.३०

काका एका शब्दात बोलले, मी चार जास्त बोलतो. पीव्हीसीत पाणी असतं तवर बरं. हवा भरली आणि कधीतरी फुटला की काचंसारख्या कपऱ्या उडतात. आमच्या गल्लीत एकाच्या गालात घुसली होती. जीआय घ्या, नायतर हवेचाच म्हणून मिळतो तो पाइप.

मी कोल्हापूरचा, हेडं दुरुस्त करतो. दिवसाला दोन-तीन हेडं उघडतो, त्यावरनं सांगतो. निम्मी हेडं तेलापायी मेलेली असतात. लोक इंजिन ऑइल ओततात. त्यातल्या डिटर्जंटनं वाल प्लेटवर कार्बनची खपली धरते, वाल बसत न्हाई, हेड तापतं, रिंगा जातात. कॉम्प्रेसर ऑइल म्हणून वेगळं मिळतं, बहुतेक हेडांना १०० ग्रेड चालतं, पण कंपनीचं पुस्तक बघून घ्या.

दुसरं, पट्ट्याचंच घ्या. पट्ट्याच्या मशीनवर मोटर १४४०ला फिरती आणि हेड सातशे-हजारला. डायरेक्ट लहान मशीन २८००ला बोंबलतं, दहा मिनिटं चालवलं की हात लावू देत न्हाई. सायलेंट ऑइल-फ्री दाताच्या डॉक्टरला झकास. त्याला गंजक्या चासीला लावू नका, भावा.

बंद झाल्यावर 'फुस्स' असा आवाज आला पायजे. हेड आणि नॉन-रिटर्न वालच्या मधल्या नळीतली हवा सुटली, म्हणजे पुढच्या वेळी मोटर मोकळ्या पिस्टनवर उठती. तो फुस्स आला न्हाई की मोटर दाबावर उठायला बघती, घुमती, ट्रिप मारती. माणसं वाइंडिंगवाल्याकडं पळतात. शंभरातल्या निम्म्या वेळा प्रेशर स्विचमधला तो चिमूटभर वाल अडकलेला असतो.

जुनं मशीन घेणार असाल तर आधी टाकी. तळाचा कॉक खोलून काय पडतंय बघा. नुसतं पाणी पडलं तर ठीक. चहासारखं पडलं तर आत गंज. पापुद्रे पडले तर नमस्कार करून निघायचं. वरनं रंग नवा असला तर जास्तच सांभाळून. टाकीला पॅच वेल्ड दिसला तर फुकट दिली तरी घेऊ नका.

विजेरी | सोमवार, सकाळी ११.१५

हायड्रो टेस्ट करून घेता येईल ना जुन्या टाकीची?

भोसरीकर | सोमवार, दुपारी १.००

येते. टाकी पाण्याने काठोकाठ भरायची आणि कामाच्या दाबाच्या दीडपट दाब हातपंपाने द्यायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी नुसती चीर पडून पाणी गळतं. तीच टाकी हवेने फाटली तर शेडचा पत्रा शोधायला शेजारी जावं लागेल. हवेने टेस्ट करून देतो म्हणणाऱ्याच्या जवळपासही उभे राहू नका.

शांतताप्रिय | सोमवार, रात्री ८.३०

डोंबिवलीहून शेजाऱ्याच्या वतीने दोन शब्द. पट्ट्याचा कॉम्प्रेसर जवळून ८० डेसिबलच्या आसपास ओरडतो. निवासी भागाची मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५. आमच्या खालच्या गाळ्यात एक आहे. दर वीस मिनिटांनी सुरू होतो. कोणी वापरत नसतानाही.

उद्यमनगरी | सोमवार, रात्री ८.४४

वापरत नसताना सुरू होतोय म्हणजे कुठंतरी गळतंय की. साबणाचं पाणी लावायला सांगा त्याला प्रत्येक जोडाला. तुमची झोप पण वाचंल, त्याचं बिल पण.

जुनीजीप | गुरुवार, रात्री ९.१०

अपडेट. एका गॅरेजवाल्याचा जुना ३ एचपी, १६० लिटर बघून आलो. "बारा सीएफएम, घड्याळ लावून बघा," असं तोच म्हणाला, म्हणून खरंच लावलं. टाकी पूर्ण रिकामी केली, मोबाइलवर स्टॉपवॉच, ० ते ७ बार. सात मिनिटं चाळीस सेकंद. भोसरीकर काका, १६० गुणिले ७ म्हणजे ११२० लिटर, भागिले ७.६७, आले १४६ लिटर. म्हणजे ५ सीएफएमच. बरोबर ना?

मग कॉक खोलला. आधी हवा, मग चहा. दूध घातलेला. त्यात तपकिरी पापुद्रे. मी उद्यमनगरी भाऊंच्या सल्ल्याने नमस्कार केला. तो म्हणाला, "रंग कालच मारलाय हो!"

भोसरीकर | गुरुवार, रात्री ९.३५

गणित बरोबर. खरं तर ५पेक्षाही कमी धरा, कारण टाकीत शिरलेली हवा गरम असते आणि काटा थोडं खोटं बोलतो. दहा मिनिटं थांबून काटा कुठे उतरतो बघितला असता तर खरा आकडा कळला असता. नवं घेतानाही हीच परीक्षा दुकानात करून मागा. चांगला डीलर नाही म्हणत नाही. एल्जी, इंगरसॉल रँड वगैरेंचे डीलर पुणे-कोल्हापुरात आहेत, त्यांच्या माहितीपत्रकात एफएडी आहे का तेवढं बघा.

जुनीजीप | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६.२०

घेतला. नवा, पट्ट्याचा, ३ एचपी, सिंगल फेज, दोन सिलिंडर, १६० लिटर. दुकानात रिकाम्या टाकीपासून ७ बारला ४ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे ८ सीएफएमच्या आसपास. दुकानदाराने आधी वेड्यात काढलं, मग स्वतःच दुसऱ्या मशीनवर लावून बघत बसला.

विजेरीताई, ४ स्क्वेअरची लाइन, डी कर्व्ह, स्टार्टर आणि अर्थिंगचा नवा खड्डा, सगळं झालं. मशीन धरून बजेट ५०च्या पुढे गेलं, कृपया इथे आकडा विचारू नये. सँडर बॅटरीचा मित्राकडून आणलाय. ब्लास्टिंगचा नाद सोडला, चासी एमआयडीसीत एकाकडे देतोय. त्याच्याकडे वाळूऐवजी गार्नेट (एका खनिजाचे दाणे) आहे. साध्या वाळूवाल्याकडे देणार होतो, पण त्या धुळीने सिलिकोसिस होतो हे वाचल्यावर तिथल्या पोरांकडे बघवेना.

मशीन रबरी पॅडवर ठेवलंय, पंख्याची बाजू भिंतीपासून दीड फूट लांब. रात्री आठनंतर बंद. फुस्स येतो. रोज संध्याकाळी कॉक खोलतो, काल पावसात अर्धा पेला पाणी निघालं. पोरांना शेडमध्ये यायला बंदी आहे. हवेची गन एकमेकांच्या अंगावर मारायची मस्करी जिवावर बेतते, हे त्यांना दोनदा सांगून झालंय.

फोटो खाली टाकतोय, फुसका_नट खूश व्हा.

फुसका_नट | रविवार, संध्याकाळी ६.४१

अहाहा. मुख्य प्रश्न राहिला. चासीचे नट निघाले का?

जुनीजीप | रविवार, संध्याकाळी ६.५८

अठरापैकी सतरा. मागच्या शॅकलचा (स्प्रिंगचे पाटे चासीला जोडणारा दुवा) एक इम्पॅक्टला दाद देत नाहीये, डोकंच गोल झालंय. गॅस कटरवाला मंगळवारी येतोय.